बॉडीबोर्डिंगची पहिली स्पर्धा: तयारी दोन लाटांची

बॉडीबोर्डिंग म्हणजे फोमच्या छोट्या बोर्डावर, बहुधा पोटावर झोपून, लाटांवर स्वार होण्याचा खेळ. त्याच्या हीटमध्ये, म्हणजे ठरावीक मिनिटांच्या एका फेरीत, तुम्ही दहा लाटा घ्या की बारा, निकालात मोजल्या जातात त्या दोनच. तुमच्या सर्वांत चांगल्या दोन. प्रत्येकीला 10 पैकी गुण, म्हणून एकूण बेरीज 20 पैकी. स्पर्धेत उतरायचं ठरवलेल्या बहुतेकांची तयारी मात्र भलत्याच दिशेने चाललेली असते. हवेतली एखादी नवी हालचाल घोटायची, दहात तीनदा जमली की व्हिडिओ काढायचा आणि अर्ज भरून मोकळं व्हायचं. आमचं मत स्पष्ट आहे: पहिल्या हंगामात लाट निवडता आली पाहिजे आणि सुरू केलेली हालचाल पूर्ण करून त्याच लाटेवर पुढे जाता आलं पाहिजे. एवढं ज्याला जमतं तो दोन-तीन फेऱ्या सहज पार करतो.

आधी गुण कसे पडतात ते नीट समजून घ्या, कारण सरावाचा सगळा आराखडा त्यावरूनच ठरतो. मोठ्या स्पर्धांमध्ये साधारणपणे पाच जज बसतात. प्रत्येक लाटेचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकतात आणि उरलेल्या तिघांची सरासरी घेतात. समजा तुमच्या लाटेला 6.0, 6.5, 6.5, 6.8 आणि 7.5 असे गुण पडले. 6.0 आणि 7.5 बाद. उरलेल्या तिघांची बेरीज 19.8, म्हणजे लाटेचा स्कोअर 6.60. छोट्या स्पर्धेत तीनच जज असतात, तिथे काहीच बाद होत नाही आणि एका जजचा हात आखडता असला तरी तो स्कोअरमध्ये दिसतो. ढोबळ मोजपट्टी अशी: 2 च्या खाली कमजोर, 2 ते 4 बरी, 4 ते 6 मध्यम, 6 ते 8 चांगली आणि 8 च्या पुढे उत्कृष्ट. पहिल्या स्पर्धेत दोन लाटा 5 च्या आसपास बसल्या तरी प्राथमिक फेरीत तुम्ही शर्यतीत राहता.

जज काय पाहतात? हालचाल किती अवघड होती, ती लाटेच्या किती धोक्याच्या भागात केली, वेग आणि ताकद किती होती, हालचालींमध्ये विविधता होती का आणि एकातून दुसरी सलग निघाली का. या सगळ्यावर एक अट आहे: हालचाल पूर्ण झाली पाहिजे. उंच उडी घेतली, हवेत सुंदर फिरलात, पण उतरताना बोर्ड हातातून निसटला किंवा फेसात अडकून थांबलात, तर त्या हालचालीचं जवळजवळ काहीच हाती लागत नाही. उतरल्यावर बोर्ड ताब्यात ठेवून बाहेर येणं हा हालचालीचाच भाग आहे. म्हणून साधा पण खणखणीत रोल, म्हणजे लाटेच्या वरच्या कडेवरून बोर्डासकट घेतलेली गिरकी, करून पुढे एक फिरकी जोडणारा खेळाडू अर्धवट बॅकफ्लिप मारणाऱ्याच्या पुढे जातो आणि ते योग्यच आहे.

आता बोर्ड. हा खेळ 1971 मध्ये टॉम मोरी यांनी हवाईत फोमच्या तुकड्याला इस्त्रीने आकार देऊन सुरू केला, तेव्हा बोर्ड म्हणजे फक्त फोम होता. आजच्या स्पर्धेच्या बोर्डाला चार भाग असतात: आतला फोम म्हणजे कोअर, वरचा मऊ डेक, खालचा गुळगुळीत स्लिक आणि कोअरमध्ये बसवलेली ताठ नळी, म्हणजे स्ट्रिंगर. कोअर निवडताना पाण्याचं तापमान पाहा. पॉलिइथिलीन, म्हणजे पीई, लवचिक असतं. थंड पाण्यात ते योग्य तेवढं ताठ होतं, पण कोमट पाण्यात मऊ पडतं आणि लाटेच्या तळाशी घ्यायच्या वळणात बोर्ड दबून वेग खातो. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, हलकं आणि ताठ असतं. कोमट पाण्यात ते उत्तम, थंड पाण्यात मात्र लाकडासारखं कडक होतं आणि उतरतानाचा धक्का थेट कोपर आणि कमरेत जातो. साधारण 18 ते 20 अंश सेल्सियसच्या वर पीपी आणि खाली पीई हा हिशोब बहुतेकांना लागू पडतो. स्वस्त बोर्डांतलं ईपीएस कोअर सरावालाही घेऊ नका. ते पहिल्या जोरदार उतरणीत मोडतं.

लांबी इंचात मोजतात. बोर्ड शेपटीवर उभा धरला की नाक बेंबीच्या आसपास यायला हवं, एखादा इंच वर किंवा खाली. प्रौढांचे बहुतेक बोर्ड 40 ते 43 इंचांचे असतात. वजन जास्त असेल तर उंचीच्या हिशोबापेक्षा अर्धा इंच मोठा घ्या. बोर्ड फार मोठा झाला की पाण्याखाली दाबता येत नाही आणि हवेत फिरवायला जड जातो. फार लहान झाला की शेपटी बुडते आणि सपाट भागात तुम्ही थांबता. शेपटीचा आकार हाही मोठ्या चर्चेचा विषय आहे, पण नवख्याने त्यात फार गुंतू नये. चंद्रकोरीच्या आकाराची क्रेसेंट शेपटी लाटेला घट्ट धरते आणि प्रोन, म्हणजे पोटावर झोपून खेळायच्या प्रकाराला आणि ड्रॉप-नीला, म्हणजे एक गुडघा टेकून आणि दुसरं पाऊल पुढे ठेवून खेळायच्या प्रकारालाही चालते. बॅट शेपटी सैल सुटते, फिरक्या सोप्या होतात, पण उभ्या लाटेवर कडा निसटू शकते.

बोर्डाचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन आहे. बंद गाडीत तापलेल्या बोर्डाचा डेक आणि स्लिक कोअरपासून सुटतात, फुगे येतात आणि ते पुन्हा बसत नाहीत. सरावानंतर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत आडवा ठेवा, नाकावर टेकवून उभा करू नका. स्लिकवर आडवी सुरकुती पडली असेल तर बोर्ड तिथे वाकून वेग कमी करतो. तो सरावाला चालेल, स्पर्धेला नको.

लीशचा, म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवणाऱ्या दोरीचा, प्लग बहुतेक नवे लोक चुकीच्या जागी बसवतात. दंडाला बांधायची कॉइल लीश स्पर्धेसाठी सोयीची, कारण मनगटाच्या लीशने फिरकीत हात अडकतो. प्लग नाकापासून साधारण चार-पाच इंच मागे आणि ज्या दंडाला लीश बांधणार त्या बाजूच्या कडेपासून तीन-चार इंच आत घ्या. मधोमध घेऊ नका, तिथे स्ट्रिंगर असतो आणि भोक त्याला लागलं तर पाणी नळीत शिरतं. ज्यात दोन स्ट्रिंगर असतात त्या बोर्डावर ते कुठून जातात हे आधी पाहून घ्या. भोक प्लगच्या दांड्याएवढंच पाडा, वरचा आणि खालचा भाग एकमेकांत फिरवा आणि नाण्याने इतकंच आवळा की स्लिक किंचित दबेल. जास्त आवळलं की स्लिकला खड्डा पडतो, कमी आवळलं की फोम पाणी पितो आणि बोर्ड हळूहळू जड होतो.

फिन्स, म्हणजे पायांत घालायचे रबरी पंख, बोर्डाइतक्याच महत्त्वाच्या आहेत, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. टाच घट्ट बसली पाहिजे आणि बोटं दुमडता कामा नयेत. पाणी शिरलं की रबर सैल होतं, म्हणून कोरड्या पायावर किंचित घट्ट वाटणारीच घ्या. घासून जखमा होत असतील तर 2 मिलिमीटरचे निओप्रीन मोजे घाला, पण मग फिनचा आकार मोज्यांसकट तपासा. फार ताठ फिन्स जोर देतात, पण पोटऱ्यांत गोळे आणतात. हीटच्या पंधराव्या मिनिटाला गोळा आला तर लाट समोरून निघून जाते. घोट्याला फिनचे पट्टे बांधा. एक फिन हरवलेला खेळाडू हीटमधून जवळजवळ बाद झालेलाच असतो. वॅक्स नाकाच्या कोपऱ्यांवर, हात पकडतात त्या कडांवर आणि कोपरं टेकतात तिथे लावा. पोटाखाली लावू नका, तिथे शरीर मागे-पुढे सरकायला हवं.

आता पाण्यातलं. सगळं तळाच्या वळणातून सुरू होतं आणि आमच्या मते नवख्या स्पर्धकाने सरावाचा निम्मा वेळ त्यातच घालवावा. उजवीकडे जाताना उजवा हात नाकाच्या उजव्या कोपऱ्यावर, उजवं कोपर डेकवर टेकलेलं आणि डावा हात डाव्या कडेवर, वरून साधारण एक तृतीयांश खाली. वजन उजव्या कंबरेवर, म्हणजे लाटेकडच्या कडेवर. डाव्या हाताने बाहेरची कडा किंचित वर खेचा, पाय एकत्र, पाण्याला टेकलेले नाहीत. डावीकडे जाताना सगळं उलट. नेहमीची चूक म्हणजे दोन्ही हात नाकावर ठेवून छातीने वळण घेणं. त्यात वजन पुढे जातं, नाक बुडतं आणि वेग मरतो. दुसरी चूक म्हणजे पाय पाण्यात घासत ठेवणं. फिन्स ब्रेकसारख्या काम करतात. जिथे वेग जास्त असेल तिथे अंग पुढे घ्या, लाट उभी होऊ लागली की दोन-तीन इंच मागे सरका. हे सरकणं इतकं सवयीचं झालं पाहिजे की त्याचा विचारही करावा लागू नये.

पुढची फिरकी, म्हणजे लाटेच्या भिंतीकडे तोंड वळवून घेतलेला 360 अंशांचा फेरा, ही स्पर्धेची पहिली हक्काची हालचाल. तळातून वर येताना लाटेच्या मध्यावर बोर्ड सपाट करा, कडेवरचं वजन सोडा, डोकं आणि खांदे आधी फिरवा, अंग किंचित पुढे घ्या आणि पाय वर उचलून एकमेकांवर टाका. फेरा अर्ध्यात अडतो तो बहुधा दोन कारणांनी: कडा पाण्यातून सुटलेली नसते, किंवा पाय खाली राहून फिन्स घासतात. फेरा पूर्ण होताच पुन्हा मागे सरका आणि कडा पकडा, नाहीतर बोर्ड उलटा घसरत जाईल. याच्या विरुद्ध दिशेची फिरकी, लाटेकडे पाठ करून, त्यानंतर शिका. दोन्ही जमल्या की एकाच लाटेवर विविधतेचे गुण मिळू लागतात.

मग एल रोलो. लाट फुटताना पुढे फेकला जाणारा वरचा कडा, म्हणजे लिप, तुम्हाला उचलून फिरवतो. तुमचं काम तिथे नेमक्या वेळी पोहोचायचं. वेग घ्या, तळातून वळा आणि लिपच्या त्या भागाकडे नजर ठेवा जो एक-दीड सेकंदाने पडणार आहे. आधीच वळलात तर लिप तुमच्या डोक्यावरून निघून जाते, उशीर केलात तर तिच्याखाली सापडता. वर पोहोचलात की अंग बोर्डाला चिकटवा, हनुवटी बोर्डाजवळ ठेवा, नजर किनाऱ्याकडे वळवा. डोकं फिरलं की अंग फिरतं. उतरताना बोर्ड सपाट पडायला हवा आणि धक्का कोपरं, छाती आणि कंबर यांनी वाटून घ्यायला हवा. हात ताठ ठेवलेत तर धक्का खांद्यात जातो, आणि कमानीसारखी पाठ करून सपाट पाण्यावर पडलात तर कमरेच्या खालच्या मणक्यांवर. या खेळातल्या कंबरदुखीचं ते मोठं कारण आहे. शक्य असेल तेव्हा लाटेच्या उतारावर किंवा फेसाच्या गादीवर उतरा, लाटेपुढच्या सपाट पाण्यावर नाही.

बॅरल, म्हणजे फुटणाऱ्या लाटेच्या आतली पोकळी, तिच्याबद्दल थोडंच. पोकळीत खोलवर राहून स्वच्छ बाहेर पडणं हे आजही सर्वांत मोठ्या गुणांचं काम आहे. पण जी लाट बंद होऊन फुटते तिच्यात घुसून बाहेर न आल्यास काही मिळत नाही. एअर रोल स्पिन, म्हणजे हवेत रोल आणि त्याला जोडून फिरकी, ही हालचाल 1993 चा विश्वविजेता मायकेल एपेलस्टन याच्या नावाशी जोडली जाते. तिच्याकडे वळण्याआधी रोल दहात आठदा पूर्ण झाला पाहिजे.

मोठ्या स्पर्धांचे व्हिडिओ पाहताना एकच गोष्ट पाहू नका. 1982 पासून हवाईतल्या ज्या पाइपलाइनवर या खेळाची मोठी स्पर्धा भरत आली तिथे खडकावर फुटणारी लाट बॅरल देते आणि तिथे रेषा ओळखणं महत्त्वाचं असतं. नऊ वेळा विश्वविजेता झालेला माइक स्टुअर्ट तिथे लाटेत कुठे बसतो ते पाहा. पोर्तुगालमधल्या सिंत्राची प्राया ग्रांदे मात्र वाळूवर फुटणारी लाट आहे. तिथे शिखर, म्हणजे लाट फुटायला सुरुवात होते ती जागा, सरकत राहतं आणि लाट निवडण्याचं कौशल्य कामी येतं. कॅनरी बेटांवरच्या एल फ्रोंतोनला लिप इतकी जोराने फेकते की हवेतल्या हालचालींचं व्याकरणच बदलतं. तुमची पहिली स्पर्धा बहुधा वाळूच्या किनाऱ्यावर असेल, तेव्हा अभ्यासही तशाच लाटेचा करा.

नियमांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान अडथळ्याने होतं. प्रायॉरिटी, म्हणजे लाट निवडण्याचा ठरलेला क्रम, नसलेल्या हीटमध्ये फुटणाऱ्या भागाच्या सर्वांत जवळ असलेल्याचा लाटेवर हक्क असतो. त्याच्या वाटेत आलात आणि त्याच्या गुणांची शक्यता हिरावली तर अडथळा लागतो. प्रायॉरिटी असलेल्या हीटमध्ये पहिला क्रमांक ज्याचा, तो कोणतीही लाट निवडू शकतो. लाट घेतली की त्याचा क्रम शेवटी जातो. लाटेसाठी पोहलात आणि ती सुटली तरी प्रायॉरिटी जाऊ शकते, म्हणून अर्धवट मनाने लाटेमागे लागू नका. शिक्षा नियमपुस्तकाप्रमाणे बदलते: कुठे तुमच्या मोजल्या जाणाऱ्या दोनांपैकी कमी गुणांच्या लाटेचे गुण निम्मे होतात, कुठे शून्य. अर्ज भरताना ते पान वाचाच, आणि सोबत लाटांची कमाल मर्यादा किती, हीट किती मिनिटांची, हेही.

सराव हीटसारखा करा. 20 मिनिटं लावा, दहा लाटांची मर्यादा ठेवा, किनाऱ्यावरच्या सोबत्याला शिट्टी आणि वही द्या. दोनच लाटा मोजायच्या, अपूर्ण हालचाल शून्य. दोन-तीन आठवड्यांत लाट सोडून देण्याची सवय लागते आणि तीच सर्वांत उपयोगी सवय आहे. पायांसाठी फिन्स लावून 30 सेकंद जोरात, 60 सेकंद संथ, असे आठ फेरे आठवड्यातून दोनदा पुरेत. किक कंबरेतून मारा, गुडघ्यातून नाही, आणि फिन्स पाण्याखालीच ठेवा. पाण्यावर उडालेले शिंतोडे म्हणजे वाया गेलेला जोर. डक डाइव्ह, म्हणजे बोर्डासकट लाटेखालून बुडी, करताना लाट एक-दोन मीटरवर असताना नाक दाबा, मग एक गुडघा शेपटीवर टेकवून बोर्ड खाली-पुढे ढकला. उशिरा दाबलात तर फेस तुम्हाला मागे ओढून नेतो आणि त्या एका चुकीत हीटची दोन मिनिटं जातात.

स्पर्धेच्या दिवशी तुमच्या हीटच्या दोन हीट आधी किनाऱ्यावरच्या मार्शलकडे नाव नोंदवून रंगीत जर्सी घ्या. त्याआधी किमान अर्धा तास पाण्याकडे पाहत बसा: सेट, म्हणजे मोठ्या लाटांचे गट, किती मिनिटांनी येतात, सेटमधली कितवी लाट स्वच्छ फुटते, ओढ कुठल्या बाजूला आहे, परत आत जायला खोल पाण्याची वाट कुठून आहे. भरती किंवा ओहोटी चालू असेल तर अर्ध्या तासात शिखर बदलतं, हेही लक्षात ठेवा. किनाऱ्यावर दोन खुणा ठरवा, एक समोरची आणि एक बाजूची. पाण्यातून त्या एका रेषेत दिसल्या की तुम्ही जागेवर आहात.

पहिल्या पाच मिनिटांत एक सुरक्षित लाट घ्या, रोल आणि एक फिरकी, पूर्ण. मग थांबा आणि चांगली निवडा. शेवटच्या पाच मिनिटांची सूचना बहुधा पिवळ्या झेंड्याने किंवा चकतीने देतात. तेव्हा गणित डोक्यात हवं. समजा तुमच्या लाटा 6.60 आणि 4.20, बेरीज 10.80, आणि पुढच्या स्पर्धकाची 11.40. तुमची मोठी लाट कायम राहणार, म्हणून 11.40 मधून 6.60 वजा करा: 4.80. तुम्हाला 4.81 हवेत. म्हणजे मध्यम लाट पुरेल, हवेतला जुगार नको. 8 ची गरज असती तर थांबणं आणि सेटची वाट पाहणं योग्य ठरलं असतं. निवेदकाचा आवाज वाऱ्यात ऐकू येत नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या सोबत्याशी हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवा: किती गुण हवेत, प्रायॉरिटी कोणाची, किती मिनिटं उरली. शेवटच्या हॉर्ननंतर स्पर्धेच्या हद्दीत लाट खेळू नका, पोटावर सरळ बाहेर या. त्यावर दंड किंवा अडथळा लागू शकतो.

हीट संपल्यावर गुणांचा तक्ता मागून घ्या आणि ज्या लाटांचे गुण अपेक्षेपेक्षा कमी आले त्यांचा व्हिडिओ त्याच संध्याकाळी पाहा. हालचाल नेमकी कुठे अडली तो क्षण थांबवून बघा: वळण लवकर झालं, हात ताठ राहिले, की उतरल्यावर कडा पकडायला उशीर झाला. पुढच्या आठवड्याचा सराव त्या एकाच गोष्टीचा ठेवा, आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरताना त्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी हीट होणार तेही विचारून घ्या.